जुन्या गाडीचा नवा गळा

बहरीनचं सखीर जगाला ठाऊक झालं ते आवाजामुळे. ४ एप्रिल २००४ रोजी इथल्या बहरीन इंटरनॅशनल सर्किटवर मध्यपूर्वेतली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि मायकेल शूमाकर पहिला आला. त्या काळातल्या तीन लिटरच्या व्ही-टेन इंजिनांचा आवाज आठवून जुने शौकीन आजही हळहळतात. २०१४ पासून १.६ लिटरची व्ही-सिक्स टर्बो हायब्रिड इंजिनं आली, आवाज खाली बसला आणि ‘ही कसली शर्यत’ अशी कुरकुर सुरू झाली. ही कुरकुर मला ओळखीची वाटते. आपल्याकडे जुन्या गाडीत नवी म्युझिक सिस्टिम बसवणाऱ्याला हेच ऐकून घ्यावं लागतं : ही कसली व्हिंटेज!

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘आवाज’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या मनात गवई, वादक, फार तर निवेदक असावेत. माझ्या डोक्यात मात्र एक गाडी होती. मूळचे डोंबिवलीचे, बरीच वर्षं बहरीनमध्ये नोकरी करणारे एक परिचित आहेत. त्यांना या लेखात डोंबिवलीकरच म्हणू. त्यांच्याकडे १९८३ सालची मर्सिडीज २३० ई आहे. ती विकत घेतल्यावर तिच्यात गाणं बसवायला त्यांनी इतका वेळ लावला, की बायकोने तो विषय घरात काढायलाच बंदी घातली. ते काम कसं झालं, हे बघायला मी सखीरला गेलो.

अॅशट्रे उघडला

मनामातून दक्षिणेला निघालं की वाटेत अवाली लागतं. तेल कंपनीने १९३०च्या दशकात आपल्या लोकांसाठी वसवलेलं हे गाव. जवळच जबल दुखानच्या पायथ्याशी १९३२ मध्ये आखातातल्या अरबी बाजूचं पहिलं तेल लागलं. आजही रस्त्याकडेने पाइपलाइनी पळत असतात आणि तेल उपसणारे पंप मान खालीवर करत असतात. पुढे विद्यापीठ, मग सर्किटचा मनोरा. वाळवंट म्हटलं की डोळ्यांपुढे वाळूच्या टेकड्या येतात, तशा इथे फारशा नाहीत. टणक, चुनखडीची, भुरकट जमीन आहे आणि तिच्यावर पिठासारखी धूळ. हिवाळ्यात बहरीनी कुटुंबं या माळावर तंबू ठोकून राहतात. जनरेटर, शेगड्या, मुलांच्या चारचाकी बाइक, सगळा संसार असतो. जुन्या गाड्यांचे मालकही त्याच दिवसांत गाड्या बाहेर काढतात. उन्हाळ्यात काढणार कोण?

गाडी फिकट पिवळसर रंगाची. डॅशबोर्डमध्ये मूळचा बेकर रेडिओ, दोन्ही बाजूंना एकेक बटण आणि मध्ये स्टेशनांची पट्टी. डोंबिवलीकरांनी किल्ली फिरवली, पण बेकरला हात लावला नाही. गिअरजवळचा अॅशट्रे उघडला. आत राखेच्या जागी बोटाच्या पेरापेक्षा लहान एक व्हॉल्यूमचं बटण आणि यूएसबीचं एक तोंड होतं. फोन खिशातच राहिला आणि गाडीत भीमसेन जोशी सुरू झाले. आवाज समोरच्या काचेच्या मधोमध, कुणी बॉनेटवर बसून गातंय असा येत होता. मी स्पीकर शोधू लागलो. एकही दिसेना.

“शोधा, शोधा,” ते म्हणाले. “पाहुण्याला सापडला तर माझे पैसे फुकट गेले.”

टेप आखातातूनच आला होता

जुन्या गाडीत नवं गाणं घालणं म्हणजे पाप, असं मानणाऱ्यांसाठी थोडं मागे जायला हवं. मराठी माणसाच्या आठवणीतली ‘जुनी गाडी’ बहुधा फियाट असते. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांचं आयुष्य ठरलेलं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे उतरली.

या गाड्यांतलं गाणं बहुतेक वेळा मालकाने नंतर घातलेलं असे. आधी रेडिओ, आणि त्यालाही घरच्या रेडिओसारखा पोस्टातून परवाना काढावा लागे. रेडिओच्या परवान्याची ती भानगड १९८०च्या दशकात सुटली. मग कॅसेट आली. फिलिप्सने ती १९६३ मध्येच बाजारात आणली होती, पण आपल्या गाड्यांत ती शिरली ती १९७३ नंतर, तेलाचे भाव भडकून आखातात नोकऱ्यांचं पीक आलं तेव्हा. रत्नागिरी-रायगडातली, मुंबई-ठाण्यातली माणसं कुवेत, बहरीन, दुबईला गेली आणि सुटीवर येताना बॅगेत टू-इन-वन, कोऱ्या कॅसेटी आणि गाडीचा डेक घेऊन आली. कस्टमचा साहेब बॅग उघडून बघे. डेक कपड्यांत गुंडाळलेला असे. तो पुढे कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत कुणीतरी लोखंडी पट्टीने डॅशबोर्डाखाली टांगे. मागच्या काचेखालच्या फळीला दोन भोकं पाडून स्पीकर बसत. उन्हाने त्यांचे कागदी कोन तडकले की गाण्यातला तबला ढोलकीसारखा वाजू लागे आणि मालकाला वाटे, बास वाढला.

म्हणजे आपल्या जुन्या गाड्यांचं मूळ संगीत कुठलं, या प्रश्नाला कारखान्याच्या कागदांत उत्तर मिळणार नाही. ते बाहेरून आलं, प्रत्येक गाडीत निराळं आलं आणि बऱ्याचदा इथूनच, आखातातूनच आलं. पद्मिनीत ब्लूटूथ घालणाऱ्याला नाकं मुरडणाऱ्यांच्या वडिलांनी पद्मिनीत जपानी डेक टांगला होता, एवढं लक्षात ठेवलं तरी वाद अर्धा होईल. उरलेला अर्धा पत्रा कापण्याबद्दल आहे, आणि तो खरा आहे.

चाचांचा मल्टिमीटर

डोंबिवलीकरांचं काम केलं सलमाबादच्या एका इलेक्ट्रिशियनने. सलमाबाद म्हणजे बहरीनचं गॅरेजचं गाव. डेंटिंग, पेंटिंग, रेडिएटर, सीट, सगळ्याच्या गल्ल्या. हे गृहस्थ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, तरुणपणी कुर्ल्यात टॅक्सींचं वायरिंग केलेलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी स्पीकरच्या कंपन्यांविषयी विचारायला लागलो, तर त्यांनी थांबवलं.

“स्पीकर मागाहून. आधी मीटर लावा, गाडी कमावते किती ते बघा. मग खर्चाचं बोलू.”

गाडी बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत आणि इंजिन चालू झाल्यावर १४ च्या जवळपास. मग चाचा एकेक बोजा चढवतात. हेडलाइट लावा. वायपर लावा. एसीचा पंखा पूर्ण सोडा. बहरीनमध्ये तो उन्हाळाभर पूर्णच असतो. आता इंजिन आयडलला ठेवून मीटर बघा. आकडा १३ च्या खाली घसरला, तर अॅम्प्लिफायर कितीही महागाचा आणा, सिग्नलला तो बॅटरीच पिणार. बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी. पंप चालत नसेल तर नळ मोठा करून काय उपयोग?

मर्सिडीजला अल्टरनेटर आहे, त्यामुळे तिचं भागलं. खरी गंमत त्याहून जुन्या गाड्यांत. जुन्या अँबॅसेडरला, सुरुवातीच्या फियाटला डायनॅमो असे. ब्रिटिश गाड्यांतला ल्युकासचा सी-४० डायनॅमो जोरात फिरला तरी २२ अँपिअर देई, म्हणजे जेमतेम अडीचशे वॅट. त्यातले शंभराच्या घरात हेडलाइट-टेललाइटच खातात. आयडलला तर डायनॅमो जवळपास काहीच देत नाही. मीटरवरचा लाल दिवा मिणमिणतो तो त्यामुळेच. दादर टीटीच्या सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या गाडीतलं गाणं निव्वळ साठवणीवर चालतं.

सुदैवाने नव्या जमान्यातल्या अॅम्प्लिफायरची भूक कमी झाली आहे. जुन्या पद्धतीचे, ज्यांना क्लास एबी म्हणतात ते, घेतलेल्या विजेतली निम्म्याच्या आसपासच स्पीकरला देत आणि बाकीची उष्णतेत घालवत. क्लास डी प्रकारचे ८० ते ९० टक्के वीज पुढे पोचवतात आणि आकाराने पुस्तकाएवढे असतात. खोक्यावर ‘४ × ५० वॅट’ छापलेला डेक सलग देतो ते चॅनेलमागे वीसएक वॅट, बाकी छपाई. पण जुन्या गाडीला तेवढे पुरतात. वॅट दुप्पट केले की आवाज तीन डेसिबलने वाढतो, जेमतेम जाणवेल इतका. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. हे गणित कळलं की हजार वॅटचा मोह बराचसा सुटतो.

चाचांनी कुर्ल्यातली एक जुनी खोड सांगितली. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे. आजच्या प्रत्येक डेकचा पत्रा ऋण. तो अशा गाडीत सरळ स्क्रू मारून बसवला की धन-ऋण एकमेकांना भेटलेच. फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर वायर पेटते. मग एकतर सगळी गाडी उलटी करायची, म्हणजे बॅटरीची टोकं बदलायची, डायनॅमोच्या फील्डला क्षणभर वीज दाखवून त्याची दिशा फिरवायची, कॉइलच्या आणि अँमीटरच्या वायरी अदलाबदल करायच्या. किंवा डेक रबरावर तरंगता ठेवून वेगळा कन्व्हर्टर द्यायचा. चाचा पहिलं करतात. दुसऱ्यात अँटेनाची वायर विश्वासघात करते, कारण तिचं कवच बॉडीलाच टेकलेलं असतं.

बहरीनमध्ये १९६७ पर्यंत गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालत आणि १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत व्यवहारही रुपयांत होत. त्या काळातली एखादी मॉरिस इथे निघालीच, तर तिचं वायरिंग आपल्या मेकॅनिकला घरचंच वाटावं.

नवीन वायर टाकायचे चाचांचे नियम मात्र कुठल्याही गाडीला सारखेच. अॅम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीवरून, जुन्या फ्यूजबॉक्समधून कधीच नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज. इंजिनच्या भिंतीतून वायर आत येते तिथे रबरी बूच, कारण पत्र्याची धार चाळीस वर्षांनीही धारच असते. अर्थिंग एकाच जागी, रंग खरवडून चकचकीत केलेल्या पत्र्यावर. या शेवटच्या कामात आळस केला की अॅक्सिलरेटर दाबताच गाण्यामागे अल्टरनेटर शिट्टी घालू लागतो. पुष्कळ लोक तेव्हा स्पीकर बदलतात.

दार बंद करायला शिका

सुरेल गाणं आणि भसाडं गाणं यांतला फरक बहुतेक वेळा दारात असतो, हे मला इथे कळलं. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना भेटल्या की खालचे सूर तिथल्या तिथे मरतात. जुन्या गाडीच्या दारात आतून मोठमोठी भोकं असतात, काचेच्या यंत्राला हात पोचावा म्हणून. ती तशीच ठेवून वर पुठ्ठ्याचं पॅनल लावलं, तर स्पीकर कितीही चांगला असला तरी पखवाज टिमकी होतो. भोकं पत्र्याने किंवा जाड शीटने बुजवायची, दाराच्या बाहेरच्या पत्र्याला आतून डँपिंग चिकटवायचं, की त्याच स्पीकरमधून नवा स्पीकर घेतल्यासारखा बास येतो. खर्च शीटचा आणि एका दिवसाच्या घामाचा.

शीट कुठली, हा प्रश्न सखीरमध्ये जरा जास्तच महत्त्वाचा. छपराच्या गळतीला वापरतात ती डांबरी पट्टी स्वस्त पडते म्हणून आपल्याकडे सर्रास लावतात. उन्हाळ्यात इथे उभ्या गाडीचा पत्रा हाताला सोसत नाही; त्या उष्णतेत डांबर मऊ होऊन घसरतं, काचेच्या खाचेत उतरतं आणि गाडीला नव्या रस्त्याचा वास येतो. ब्युटाइल रबराची शीट टिकते. विदर्भातल्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

मर्सिडीजच्या दारांना मात्र डोंबिवलीकरांनी स्पीकर लावू दिला नाही. मर्सिडीजच्या या १२३ सिरीजमध्ये मध्यवर्ती कुलूप हवेच्या पोकळीवर चालतं. दारांतून बारीक नळ्या गेलेल्या असतात. ड्रिल तिथे लागलं की गाणं मिळतं आणि कुलपं जातात. शिवाय १९७६ ते १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या सिरीजच्या सुमारे २७ लाख गाड्या निघाल्या. न कापलेली गाडी शोधायला गेलं की मग हा आकडा किती लहान आहे ते कळतं.

लपवाछपवी

तर स्पीकर कुठे होते? पुढचे दोन डॅशबोर्डच्या दोन टोकांना, कंपनीने ठेवलेल्या मूळ जाळ्यांखाली. जागा हाताच्या तळव्याएवढी, त्यामुळे तिथे छोटे स्पीकर, आणि त्यांच्याकडून खालच्या सुरांची अपेक्षा नाही. खालचे सूर ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली, शिवणाच्या मशीनच्या पायडलएवढ्या चपट्या सबवूफरमध्ये. अॅम्प्लिफायर दुसऱ्या सीटखाली. डिकीत ठेवला तर उन्हात तापून स्वतःच बंद पडतो, सीटखाली निदान एसीचा वारा लागतो. त्याला पंखा मुद्दाम नाही, कारण पंखा धूळ खातो. सखीरच्या धुळीचा धसका सगळ्यांनीच घेतलाय : २००४ च्या शर्यतीआधी सर्किटभोवतीची वाळू उडू नये म्हणून तिच्यावर चिकट द्रव फवारला होता. स्पीकरची कॉइल चुंबकाच्या ज्या फटीत हलते ती मिलिमीटरपेक्षाही अरुंद. तिथे दोन कण गेले की खरखर कायमची. म्हणून प्रत्येक जाळीमागे पातळ कापड ताणलंय.

गायक काचेच्या मधोमध उभा राहतो, ती करामत अॅम्प्लिफायरमधल्या डीएसपीची, म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसरची. ड्रायव्हरला डावा स्पीकर जवळ आणि उजवा पाऊण मीटर लांब. आवाज मिलिसेकंदाला चौतीसएक सेंटिमीटर चालतो, म्हणजे उजव्याचा सूर दोनएक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि गाणं डाव्या कोपऱ्यात गोळा होतं. जवळच्या स्पीकरला तेवढंच थांबवलं की दोन्ही सूर बरोबर येतात. शेजारी बसलेल्यासाठी मात्र सगळं आणखी बिघडतं. डोंबिवलीकरांच्या पत्नीचं म्हणणं, नवऱ्याने आपला आपमतलबीपणा पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच इतका उघड केला.

बेकर जागेवर आहे आणि चालूही आहे. मूळ वायरी कापलेल्या नाहीत, त्यांच्या प्लगना टोप्या घालून बाजूला बांधल्यात. अॅशट्रेही मूळचा काढून ठेवला, दुसरा घेऊन त्यात बटण बसवलं. सगळं उलटं करायला चाचांना एक दुपार पुरेल. माझ्या मते कसोटी हीच असावी : पुढच्या मालकाला नको असेल तर काढता येतं का? मागच्या काचेखालची फळी नवी करा, मूळची जपून ठेवा. पत्रा कापू नका. दुनियेतल्या बड्या कंपन्याही हेच शहाणपण विकू लागल्यात. पोर्शने २०२० मध्ये आपल्या जुन्या गाड्यांसाठी जुन्याच रुपड्याची आधुनिक सिस्टिम काढली, जी मूळ रेडिओच्या जागेत बसते. ब्लाउपुंक्टनेही जुन्या ‘ब्रेमेन’ रेडिओचा चेहरा ठेवून आत डिजिटल यंत्र घातलं.

आपल्याकडे हा प्रश्न आता कागदोपत्रीही येणार. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चॅसी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार नसलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीच्या झाल्या. सीटखालच्या अॅम्प्लिफायरला कुणी हरकत घेईल असं वाटत नाही. दारं कापून चार-चार स्पीकर कोंबलेल्या गाडीला ‘मूळ रूप’ म्हणायला तपासनीसालाही जड जाईल.

डोंबिवलीची पद्मिनी

या सगळ्या खटाटोपामागे आणखी एक गाडी आहे, हे मला परतीच्या वाटेवर कळलं. डोंबिवलीकरांच्या वडिलांची पद्मिनी भावाच्या बिल्डिंगखाली झाकून ठेवलेली आहे. तिच्यात सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुणा नातेवाइकाने कुवेतहून आणलेला डेक अजून टांगलेला आहे. बेल्ट गेलाय, दिवा लागतो. मर्सिडीज हा सराव होता, म्हणाले.

चाचांनी फोनवरच तिचा आराखडा केला आहे. डेक काढायचा नाही. त्याच्या पोटात ब्लूटूथचा छोटा बोर्ड बसवून त्याच्याच व्हॉल्यूमच्या बटणावर चालवायचा. बोर्ड लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळतो, बहरीनहून पाठवायची गरज नाही. मागच्या फळीची भोकं आहेतच, ती वापरायची. दारं कापायची नाहीत, त्यांची आतली भोकं बुजवून डँपिंग तेवढं करायचं. इंजिनाच्या स्पार्कची टकटक गाण्यात येऊ नये म्हणून प्लगच्या वायरी रेझिस्टन्सवाल्या घालायच्या आणि डायनॅमोवर कंडेन्सर बदलायचा.

अडलंय ते डायनॅमोवरच. चाचा म्हणतात अल्टरनेटर घाला, पट्टा तोच चालतो, ब्रॅकेट बनवून मिळतं, जुना कटआऊटसकट खोक्यात ठेवा. थोरल्यांना, म्हणजे डोंबिवलीकरांना, पटलंय. धाकटा भाऊ म्हणतो, बाबांच्या गाडीचा तो लाल दिवा सिग्नलला मिणमिणलाच पाहिजे, आणि गाणं बंद पडलं तर पडू दे, आपण म्हणू. गणपतीला थोरले डोंबिवलीला जातील तेव्हा ठरेल म्हणतात. चाचांनी ब्रॅकेटचं माप मात्र आत्ताच मागवून घेतलंय.